'झिलई' करतात की चढवतात? (गाडीच्या रंगाच्या संदर्भात)

टाकबोरू
घरच्या घरी गाडीचा रंग कसा राखावा, यावरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'डिटेलिंग'ला, म्हणजे गाडी बारकाईने स्वच्छ करून चमकवण्याच्या कामाला, काय म्हणायचं इथेच पहिल्यांदा अडले, पण तो शब्द एक वेळ तसाच ठेवता येईल. खरा पेच पुढे आहे. कंपाउंड, पॉलिश, ग्लेझ, वॅक्स, सीलंट, कोटिंग असे सहा पदार्थ एकाच प्रकरणात येतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. मी पॉलिशला 'झिलई' लिहिलं. संपादकांनी ते खोडलं. त्यांचं म्हणणं, झिलई चढवतात, आणि मूळ मजकुरात तर पॉलिशने थर पातळ होतो असं आहे; 'झिलईने थर पातळ होतो' हे वाचणाऱ्याला उलटंच वाटेल. मी मात्र 'झिलई करणे' हे घासून चमकवण्याच्याच अर्थी ऐकत आलेय. तुम्ही काय म्हणता, करतात की चढवतात?

निळीशाई
दोन्ही. झिलईचं जुनं रूप जिल्हई, मूळ अरबी 'जिला', म्हणजे उजळपणा, लकाकी. तेव्हा तुमचा अर्थ मुळाला धरून आहे. पण मातीच्या भांड्यावर भट्टीत जो काचेसारखा थर बसवतात त्यालाही मराठीत झिलईच म्हणतात, आणि ती चढवलेलीच असते. संपादकांच्या डोक्यात ती असणार. तुमच्या यादीत 'ग्लेझ'ही आहे, हे विसरू नका. झिलई त्याला द्या, पॉलिशला दुसरं काही शोधा.

चारचाकी
मला शब्दांतलं फार कळत नाही, पण गाडीच्या रंगावर मी बरंच काम करतो, म्हणून लिहितो. इथे शब्द चुकला तर वाचणाऱ्याच्या गाडीचं नुकसान होईल.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. हा क्लिअरकोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हात दिसणारे बारीक ओरखडे बहुतेक याच थरात असतात. पॉलिश ते बुजवत नाही. त्यातले कण आजूबाजूचा क्लिअरकोट घासून ओरखड्याच्या तळाशी आणतात. कंपाउंडचं तेच, फक्त ते जास्त खातं. जे गेलं ते परत येत नाही. वॅक्स, सीलंट, कोटिंग यांचं काम उलटं. ते वर बसतात, झिजतात आणि पुन्हा लावता येतात. ग्लेझ मधलं आहे. त्यातली तेलं आणि भराव ओरखडे तात्पुरते झाकतात, काही धुण्यांत निघून जातात.

मराठीत या सगळ्याला आपण 'पॉलिश मारलं' म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कंपाउंडचा डबा 'पॉलिश' समजून आणला आणि गाडी धुतली की लावत राहिले. चमक येत होती, म्हणून त्यांना शंकाही आली नाही. शेवटी बॉनेटच्या कडेचा क्लिअरकोट संपला आणि खालचा रंग फडक्यावर उतरायला लागला. कडांवर थर आधीच पातळ असतो.

तुम्ही नाव काहीही द्या, पण काढणारं क्रियापद वेगळं आणि चढवणारं वेगळं ठेवा.

शब्दखूण
'घोटणे' असताना चर्चा कशाला? पोथ्यांसाठी कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. घोटीव कागद, घोटलेलं अक्षर, दाढी घोटणे. पॉलिशिंग म्हणजे घोटाई. उसना शब्द घ्यायची काहीच गरज नाही. आणि 'डिटेलिंग'ही तसंच का ठेवायचं? 'कांतिसंस्कार' म्हणा. सावरकरांनी 'चित्रपट', 'महापौर' दिले तेव्हाही लोकांना ते जड वाटलेच असतील. आज कुणाला वाटतात?

चारचाकी
घोटण्यात कागदाचे तंतू दाबले जाऊन सपाट होतात, निघत नाहीत. पॉलिशमध्ये थर कापला जातो. आमच्यात 'कट'च म्हणतात: या पॅडला कट जास्त आहे, हे पॉलिश कट कमी देतं पण फिनिश छान देतं. 'घोटा' असं वाचून माणूस जोरात दाबून घासत बसेल.

शब्दखूण
मग दाढी घोटताना काय केस दाबून सपाट करतात? घोटण्यात काढणंही आलंच की.

रानवारा
हा मुद्दा बिनतोड आहे.

मला मात्र वेगळंच वाटतं. पॉलिश म्हणजे लावायचं, हे आपल्या डोक्यात कुठून आलं? बूटपॉलिश, नेलपॉलिश आणि लाकडाचं लाखेचं पॉलिश. तिन्ही लावायचीच. बूटपॉलिश तर बहुतांशी मेणच. मराठीत पॉलिश आलं ते डबीतून, म्हणून ते आपल्याला पदार्थ वाटतं, क्रिया वाटत नाही. आमच्याकडे जुन्या कपाटाला लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचे, तेव्हा सुतारकाका 'पॉलिश पाजतोय' म्हणायचे. लाकडाला पॉलिश पाजायचं! गाडीच्या पॉलिशचा गोंधळ तिथून आला असं मला ठामपणे वाटतं.

निळीशाई
आणि फरशीचं पॉलिश? ते मशीनने घासूनच काढतात, लावत काही नाहीत. मराठी माणसाला दोन्ही अर्थ माहीत आहेत. कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय त्यावरून तो अर्थ लावतो. गाडी नवी वस्तू आहे, तिचं अजून ठरायचंय, इतकंच.

रानवारा
फरशी मान्य. पण मेणाबद्दल एक: 'मेण' हे फारसी 'मोम'वरून आलं ना? मग शुद्ध मराठीवाल्यांना तेही चालणार नाही.

निळीशाई
नाही. संस्कृतात मदन म्हणजे मेणही. त्याचं प्राकृतात मयण, मराठीत मेण. मोमचा संबंध नाही. आणि फारसी असतं तरी काय बिघडलं असतं? राज्यव्यवहारकोशात शेकडो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी आपण आजही 'जमीन', 'बाजार', 'हुकूम' म्हणतोच. वापरणारा ठरवतो.

शब्दखूण
वापरणाऱ्यापुढे पर्याय ठेवल्याशिवाय तो ठरवणार कसा? 'हुकूम' राहिला, पण 'प्रधान', 'अमात्य', 'सेनापती' याच प्रयत्नातून रूढ झाले. आणि वॅक्सला 'मेण' म्हणायला कुणाची हरकत नाही, हे बघा. म्हणजे शब्द मिळाला की लोक घेतात.

चारचाकी
वॅक्सला मेण चालेल, आनंदाने. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून काढतात, म्हणजे खरोखरचं मेणच. वितळायला 80 अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं, म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावरही ते बरं टिकतं, तरी काही आठवड्यांत जातंच. पण सीलंट कृत्रिम पॉलिमरचं असतं. त्याला मेण म्हणू नका, ते कितीतरी जास्त टिकतं.

टाकबोरू
कोटिंगला मी 'कवच' लिहिलंय. ते राहू दे ना?

चारचाकी
कृपा करून नको. सिरॅमिक कोटिंगचा थर साधारण एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा. उडालेल्या खड्याला तो थांबवत नाही. बाटलीवर '9एच' असतं, ते वाचून लोकांना हिऱ्याच्या जवळपासचा कठीणपणा वाटतो, पण तो आकडा पेन्सिलींच्या कठीणपणाचा आहे. 'कवच' वाचलेला माणूस गाडी कोरड्या फडक्याने पुसेल.

शब्दखूण
मग 'लेप'. किंवा 'पाणी चढवणे' हा आपला जुना प्रयोग आहे, सोन्याचं पाणी चढवतात तसं. मोत्याचं पाणी म्हणजे त्याचं तेज. लकाकी आणि थर दोन्ही त्यात आले.

चारचाकी
लेप उत्तम. पाणी नको, कारण लेप बसलाय की नाही हे बघायला खरं पाणीच टाकतात. ते अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन ओघळलं पाहिजे. एकाच परिच्छेदात दोन पाणी नकोत.

निळीशाई
'मुलामा'ही आहे. पण मुलाम्यात वरचं चांगलं आणि आतलं हलकं असा सूर लागतो. 'लेप'ला माझं मत.

टाकबोरू
लेप घेतला. सध्या असं करतेय: 'पॉलिशने घासून काढणे', 'मेण चढवणे', 'लेप देणे'. 'घोटणे' मनात आहे, पण चारचाकींची शंका गेली नाही तोवर थांबते. आता स्वर्ल मार्क्स, म्हणजे उन्हात रंगावर गोल गोल दिसणारे बारीक ओरखडे. 'भोवरे' लिहू? 'गोल ओरखडे'?

चारचाकी
ते गोल नसतातच! ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. गाडी गोल गोल पुसल्यामुळे ते होतात ही समजूत यातूनच आली. खरं कारण फडक्यात अडकलेली धूळ. सरळ पुसा नाहीतर गोल पुसा, खडे असले की चरे पडणारच. म्हणून साबणाची बादली वेगळी आणि हातमोजा खळबळायची वेगळी. पुस्तिकेत एकच गोष्ट ठळक छापायची असेल तर ही छापा. बरोबर धुतलं की पॉलिशची वेळच कमी येते.

रानवारा
'जाळी' म्हणा. काचेला जाळी धरली, असं म्हणतातच. आकाराबद्दल चुकीचं काही सांगत नाही.

शब्दखूण
'केसचरे'. चरा हा शब्द नेमका आहे: लांब, बारीक, खोलगट. ओरखड्यात नखं येतात.

रानवारा
चऱ्यात काय येतं मग?

टाकबोरू
दोन्ही लिहून ठेवते. आणखी एक, क्ले बार. धुऊनही रंगाला चिकटून राहिलेले लोखंडाचे, डांबराचे कण ओढून काढणारी ती मऊ वडी. 'मातीची वडी' लिहिलं तर कुणी अंगणातली माती घेऊन घासायला बसेल अशी भीती वाटते.

चारचाकी
रास्त भीती आहे. ती साधी माती नसते, तिच्यात बारीक घासणारे कणही असतात, आणि मध्ये निसरडा द्रव नसेल तर तीच चरे पाडते. रंगारी खड्डे भरायला जी लांबी वापरतात तिच्यासारखी लागते हाताला.

निळीशाई
मग 'लांबी'च का नको?

चारचाकी
लांबी भरतात. ही ओढून काढते.

शब्दखूण
'शोषवडी'.

निळीशाई
शोषत कुठे आहे?