मदत हवी आहे: प्रिसिजन एम४८००चं ग्राफिक्स कार्ड गेलंय, त्याच खर्चात प्रोसेसरही बदलू का?

साचेवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीवाल्यांना ओतकामासाठी लागणारे लाकडी आणि रेझिनचे पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा पाडतात तो नमुना), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) असं काम. ड्रॉइंगचा सगळा भार एका डेल प्रिसिजन एम४८००वर आहे. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतला होता. प्रोसेसर आय५-४२००एम, ग्राफिक्स क्वाड्रो के२१००एम २ जीबी, रॅम १६ जीबी, विंडोज १०, फुल एचडी स्क्रीन.

दिवाळीनंतर सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) मॉडेल फिरवलं की हिरवे-जांभळे पट्टे यायला लागले. मग स्क्रीन काळी आणि पंखा बोंबलत राहायचा. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘चिप सुटलीय, गरम करून बसवतो’ म्हणून २,५०० रुपये घेतले. बरोबर तीन आठवडे चाललं, आता परत तेच. आणि आता तो म्हणतो मदरबोर्डच बदला, १४ हजार.

मशिनला दोष देत नाही. सहा वर्षांत एकदाही उघडून साफ केला नाही आणि टेबल फौंड्रीच्या भिंतीला लागून, म्हणजे काय ते समजून घ्या.

ग्राफिक्स कार्ड वेगळं निघतं असं ऐकलंय, ते खरं का? निघत असेल तर तेच घ्यावं की त्याहून चांगलं बसतं? आणि उघडतोच आहे तर आय५ काढून आय७ टाकता येईल का? एक जुनी शंकाही विचारून घेतो. मागे आणखी ८ जीबी रॅम आणून तिसऱ्या खाचेत घातली होती, ती दिसलीच नाही. खाच गेली असावी असं समजून गप्प बसलो. म्हणूनच मदरबोर्डचं ऐकल्यावर जास्त धास्ती वाटली. नवीन मशिन घेण्याची सध्या ऐपत नाही, दोन पार्ट्यांचे पैसे अडकलेत.

उघडा_डबा

आधी मदरबोर्ड विसरा. एम४८००मध्ये ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला डाखलेलं नसतं. एमएक्सएम ३.० टाइप ए नावाचं छोटं वेगळं कार्ड असतं, साधारण ८२ बाय ७० मिमी. स्क्रू काढले की तिरकं होऊन बाहेर येतं, रॅमसारखंच.

पण पैसे घालण्याआधी दोष कुठे आहे ते नक्की करा. लॅपटॉप बंद करा, डी हे बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर दाबा. स्क्रीन एकामागून एक रंग दाखवेल. ही स्क्रीनची स्वतःची चाचणी, ग्राफिक्स कार्डाशी तिचा संबंध नाही. त्यात पट्टे दिसले तर पॅनल किंवा केबल. रंग स्वच्छ आले तर पुढचं करा: बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हिडिओखाली ऑप्टिमस नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. मग लॅपटॉपची स्क्रीन प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सवर चालते. विंडोज नीट उघडून डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्वाड्रोपुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ दिसला, तर दोष कार्डातच.

साचेवाला

केलं. रंग एकदम स्वच्छ. ऑप्टिमस आधी बंद होता, चालू केल्यावर पट्टे गायब, आणि कोड ४३ आहे! म्हणजे निदान मेल, बिलं तरी चालू झाली. पण मग गरम केल्यावर तीन आठवडे चाललं कसं?

मृण्मयी_प

कारण त्याने काही दुरुस्त केलंच नव्हतं. :)

लोकांना वाटतं चिपखालचे मोठे सोल्डरचे गोळे सुटतात आणि तापवले की परत बसतात. बहुतेक वेळा दोष त्याच्या वरच्या मजल्यावर असतो. सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची हिरवी पट्टी यांच्यात अतिशय बारीक जोड असतात. रोज तापणं-निवणं चालू राहिलं की त्यांना चिरा पडतात. हीट गन मारली की सगळं फुगतं, चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात आणि कार्ड ‘जिवंत’ होतं. पुढे काही दिवस तापून-निवून झालं की फट परत उघडते. शिसं नसलेलं सोल्डर वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं, नुसत्या हीट गनने तिथे सगळीकडे सारखं पोचणं कठीण. आणि पोचलात तरी आतले जोड तुमच्या हातात नाहीतच. रीबॉलिंग करून खालचे गोळे नवे टाकले तरी वरच्या चिरा तशाच.

ही भानगड नवी नाही. २००८च्या जुलैमध्ये एन्व्हिडियाने स्वतःच जाहीर केलं होतं की काही लॅपटॉप चिपांच्या पॅकेजिंगमधलं मटेरियल कमकुवत निघालं आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढतोय. तुमचं कार्ड त्यानंतरचं, त्या प्रकरणातलं नाही. पण तापवून दुरुस्त करायचा धंदा त्याच काळात फोफावला आणि अजून चालू आहे.

साचेवाला

ताई, हे म्हणजे आमच्याकडचं कोल्ड शट झालं! साच्यात दोन बाजूंनी वितळलेल्या धातूचा रस येतो, समोरासमोर टेकतो, पण एकजीव होत नाही. बाहेरून कास्टिंग अखंड दिसतं आणि हातोडा मारला की तिथेच दोन तुकडे. आमचं गिऱ्हाईक असं कास्टिंग परत पाठवतं, मी मात्र २,५०० देऊन आलो.

रांगडा_पन्हाळा

लई भारी उदाहरण दिलंसा. पर मी काय म्हणतो, तेरा वर्षांच्या मशिनवर पैसं घालायचं कशापायी? त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ह्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे घेत न्हाई. नेट कमी वापरा म्हंजे झालं, आसं किती दिस चालवणार?

उघडा_डबा

पन्हाळेकर, मुद्दा बरोबर आहे. पण ६-७ हजारांत वर्ष-दोन वर्षं ड्रॉइंगचं काम निघत असेल तर त्या माणसाला ते परवडतं. बँकेची कामं फोनवर करा, हा लॅपटॉप फक्त कॅडला ठेवा, डेटाचा बॅकअप रोज बाहेर.

आता कार्ड. के२१००एम परत घेऊ नका. ते केप्लर पिढीचं आहे, त्याला नवीन ड्रायव्हर येणं कधीच थांबलंय, आणि बाजारात मिळणारं प्रत्येक कार्ड तुमच्याइतकंच म्हातारं. त्यापेक्षा क्वाड्रो एम२०००एम बघा. मॅक्सवेल पिढी, ४ जीबी मेमरी, ६४० कोर (के२१००एमला ५७६), आणि वीज तेवढीच खातं, ५५ वॅट. ड्रायव्हरच्या बाबतीत मॅक्सवेललाही ५८० ही शेवटची शाखा, पण तुमचं सॉलिडवर्क्स तसंही जुनं असणार.

घेताना प्रिसिजन ७५१० मधून काढलेलं मागा. दुसऱ्या ब्रँडची काही कार्डं आकाराला वेगळी असतात. दुकानात पट्टी घेऊनच जा, लाजू नका.

जुनं कार्ड काढण्याआधी बायोसमध्ये ऑप्टिमस चालू आहे ना ते परत बघा. माझ्या एम४८००मध्ये ऑप्टिमस बंद ठेवून नवीन कार्ड घातलं तर स्क्रीन काळी ती काळीच राहिली. अर्धा दिवस मी मदरबोर्ड गेला समजून हळहळत होतो.

तापकीर_गल्ली

प्रोसेसरचं मी सांगतो. आणि तुमची रॅमची खाच गेलेली नाहीये.

आय५-४२००एम दोन कोरचा आहे. या पिढीचे दोन कोरवाले मोबाइल प्रोसेसर प्रत्येक चॅनलवर एकच रॅम चालवतात, म्हणजे एकूण दोन. एम४८००मधल्या चारही खाचा चालायला चार कोरचा प्रोसेसर लागतो. आय७ टाका, तिसरी खाच आपोआप उठेल. फक्त ती रॅम १.३५ व्होल्टची डीडीआर३एल आहे ना, तेवढं बघा.

आय७ कुठला? आय७-४८१०एमक्यू घ्या. चार कोर, २.८ गिगाहर्ट्झ, टर्बोला ३.८, ४७ वॅट. ४९१०एमक्यूला कॅश ६ ऐवजी ८ एमबी मिळते पण लोक त्याची किंमत उगाच वाढवून सांगतात. नावाच्या शेवटी एमएक्स असलेले ५७ वॅटचे, त्यांच्या वाट्याला जाऊ नका. शेवटी एमक्यू आहे याची खात्री करा, एचक्यू नको. एचक्यू बोर्डाला डाखलेला असतो, सुटा विकत घेतलात तर त्याची कीचेन होईल. (माझ्याकडे आहे.) आणि चिपच्या वरती एसआरने सुरू होणारा कोड हवा. क्यूने सुरू होणारा दिसला तर तो चाचणीसाठीचा नमुना, स्वस्त असला तरी सोडून द्या.

४८१०एमक्यू २०१४ला आला, लॅपटॉप २०१३चा. त्यामुळे जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस नवीन करून घ्या. सॉकेटला शेजारी एक स्क्रू असतो, चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा वळसा दिला की प्रोसेसर मोकळा होतो. पिना प्रोसेसरलाच असतात. तो नुसता ठेवायचा, स्वतःच्या वजनानेच खाली बसला पाहिजे. दाबायची इच्छा झाली की थांबा आणि पिना बघा. एखादी वाकली असेल तर खटक्याच्या (मेकॅनिकल) पेन्सिलचं शिसं काढून टाकायचं आणि तिच्या टोकाच्या रिकाम्या नळीने हलकेच सरळ करायची.

अ‍ॅडॉप्टर कोणता आहे? याला १८० वॅटचा लागतो. डुप्लिकेट असेल तर मधली बारीक पिन लॅपटॉपला ओळख पटवत नाही, मग प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो आणि बॅटरीही चार्ज होत नाही. लोक आय७ टाकून ‘काही फरक नाही’ म्हणून रडतात त्यातले निम्मे असले.

साचेवाला

अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे, १८० लिहिलंय. रॅमची गोष्ट वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. चार वर्षं ती ८ जीबीची पट्टी ड्रॉवरमध्ये पडून आहे हो.

मृण्मयी_प

साफ करताना शॉपमधल्या कंप्रेसरची हवा मारू नका, मोह होईलच. त्यात पाणी आणि तेल येतं. शिवाय पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रश वापरा. फौंड्रीच्या ग्रीन सँडमध्ये (साच्यांच्या ओलसर मिश्रणात) वाळू आणि बेंटोनाइट मातीबरोबर कोळशाची पूडही असते ना? ती वीज वाहून नेऊ शकते. कार्डाच्या कनेक्टरवर साठली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

आणि थर्मल पॅड. मधल्या चिपला पेस्ट, पण आजूबाजूच्या मेमरी चिपांना आणि वीज सांभाळणाऱ्या भागांना पॅड लागतात. जुने पॅड काढाल तेव्हा त्यांची जाडी मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड घातला तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) चिपवर टेकतच नाही आणि पाच मिनिटांत तापमान ९५. एकदा बसवून लगेच उचला आणि पेस्ट सगळीकडे पसरलीय का ते बघा. तुमच्याकडे तर साचा नीट मिटतो का ते बघायची पद्धत असेलच.

साचेवाला

आहे की. पॅटर्नच्या तोंडाला निळी शाई लावून दाबून बघतो. तेच करतो.

*(बावीस दिवसांनंतर)*

साचेवाला

उशीर झाला, माफ करा. कार्ड पुण्याहून मागवलं, प्रोसेसर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर भाच्याने घेऊन ठेवला होता. दोन्ही मिळून ७,४०० गेले.

उघडल्यावर हीटसिंकच्या जाळीत काळी वडी निघाली, अक्षरशः वडी, साच्यातून काढल्यासारखी. बायको म्हणाली जपून ठेवा, गिऱ्हाइकाला दाखवायला.

प्रोसेसर पहिल्या झटक्यात बसला. कार्डाने घाम काढला. लॅपटॉप चालू झाला, स्क्रीन आली, पण ड्रायव्हर बसवताना ‘योग्य हार्डवेअर सापडलं नाही’ असं म्हणून बाहेर. काय करू?

उघडा_डबा

ते ठरलेलंच असतं, आधी सांगायला हवं होतं. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये कुठलं कार्ड कुठल्या लॅपटॉपमध्ये चालेल याच्या जोड्या लिहिलेल्या असतात. एम२०००एम आणि एम४८०० ही जोडी कंपनीने कधी विकलीच नाही, म्हणून ती यादीत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी बघा. त्यात १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, आणि सबसिसच्या (कार्ड कुठल्या मशिनमध्ये आहे ते सांगणाऱ्या आकड्याच्या) शेवटी १०२८ म्हणजे डेल. ड्रायव्हरचं पॅकेज उघडून डेलच्या आयएनएफमध्ये एम२०००एमची जी ओळ आहे तिची नक्कल करा आणि सबसिस तुमच्या मशिनचा टाका. दोन ठिकाणी बदल करावा लागतो, वरच्या यादीत आणि खाली जिथे कार्डाचं नाव लिहिलेलं असतं तिथे.

फाइल बदलली की तिची डिजिटल सही मोडते आणि विंडोज ती घेत नाही. म्हणून शिफ्ट दाबून रीस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ७ नंबर, आणि त्याच वेळी ड्रायव्हर बसवायचा. पुढच्या वेळी सही तपासणं परत चालू झालं तरी चालतं, कारण मूळ ड्रायव्हर फाइलवर सही तशीच आहे. विंडोज अपडेटला मात्र ड्रायव्हर बदलू देऊ नका, नाहीतर एखाद्या सोमवारी सकाळी परत पिवळा त्रिकोण.

साचेवाला

झालं!! रात्री पावणेबाराला. पहिल्यांदा एक स्वल्पविराम राहिला होता, त्यात एक तास गेला.

काल सबमर्सिबल पंपाच्या बॉडीचा पॅटर्न, सगळे कोअर एकत्र असलेली असेंब्ली उघडून गरागरा फिरवली. पट्टे नाहीत. तासभर काम केल्यावर ग्राफिक्स ७१ अंश, प्रोसेसर ८०च्या आसपास. आणि तिसऱ्या खाचेतली रॅम दिसतेय, एकूण २४ जीबी.

त्या दुरुस्तीवाल्याकडे भांडायला गेलो नाही. टेबल मात्र भिंतीपासून हलवून ऑफिसच्या खोलीत नेलं.

रांगडा_पन्हाळा

नाद खुळा! पर रोजचा बॅकअप ठेवा बरं का.

साचेवाला

ठेवतोय. तो जुना आय५-४२००एम कुणाला हवा असेल तर सांगा, कुरिअरचा खर्च तेवढा द्या. पिना सरळ आहेत, सगळ्या मोजल्या मात्र नाहीत.