म्हणे काट आणि रंग ही माहितीच नव्हे!

हापूसवाली:
काल इथे एकाने ठासून लिहिलं, की गूगल शीटच्या सेलमधली (चौकटीतली) आडवी काट, लाल अक्षरं, ठळक अक्षरं ही नुसती सजावट. स्क्रिप्टने (शीटवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) ती वाचायला बसणाऱ्याला डेटा कळत नाही, सरळ वेगळे कॉलम करावेत. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची आंब्याच्या ऑर्डरींची शीट सासरे भरतात, पडवीत लॅपटॉप घेऊन. एका गिऱ्हाइकाची एकच सेल: «५ डझन पुणे, ३ डझन ठाणे, २ डझन कच्चा». पुण्याचा माल रवाना झाला की तेवढ्याच शब्दांवर काट. पैसे यायचे असले तर तेवढाच तुकडा लाल. आयुष्यभर वहीत त्यांनी हेच केलं आणि त्यांचा हिशेब चोख असतो.

आता गूगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमधल्या गेट-व्हॅल्यू या आज्ञेने सेल वाचली तर नुसता मजकूर हाती येतो आणि गेलेले ५ डझन पुन्हा बाकीत दिसतात. त्याऐवजी गेट-रिच-टेक्स्ट-व्हॅल्यू घ्या, त्यावर गेट-रन्स. शैली बदलते तिथे मजकुराचा नवा तुकडा पडतो. प्रत्येक तुकड्याची गेट-टेक्स्ट-स्टाइल काढून इज-स्ट्राइकथ्रू विचारा. काट नसलेले तुकडे जोडले की बाकी ऑर्डर तयार. ही माहिती नाही तर काय आहे?

सड्यावरचा:
ते लिहिणारा मीच, आणि अजूनही तेच म्हणतो. सेलमध्ये नुसता आकडा असेल तर गेट-रिच-टेक्स्ट-व्हॅल्यू नल (म्हणजे काहीच नाही) देतं आणि पुढच्याच ओळीवर स्क्रिप्ट बंद पडते. रंग कंडिशनल फॉरमॅटिंगचा (नियम लावून आपोआप येणारा) असेल तर सेलचा रंग वाचणाऱ्या गेट-बॅकग्राउंडला तो दिसतच नाही. शीट सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) करून कुणाला दिली की काट, रंग सगळं साफ. आमची शीट अशीच हिशेबनिसाकडे गेली. खोडलेल्या ऑर्डरी जिवंत झाल्या, रद्द पेट्यांची बिलं लोकांच्या हातात पडली. ऐन मे महिन्यात शिव्या मी खाल्ल्या.

हापूसवाली:
हिशेबनिसाला सीएसव्ही द्यायला काटेने सांगितलं होतं का? आकड्याच्या सेलला अख्खी काट असली तर गेट-फॉन्ट-लाइन विचारा, «लाइन-थ्रू» असं सरळ उत्तर येतं. आणि कंडिशनल रंग नियमाने येतो, तर तोच नियम स्क्रिप्टमध्ये तपासा. मी हाताने मारलेल्या काटेबद्दल बोलतेय.

खाडीपलीकडे:
गूगलवाल्यांचं बरं आहे. एक्सेलच्या मॅक्रोत अर्ध्या सेलवर काट असली की फॉन्ट-स्ट्राइकथ्रू नल देतो, मग कॅरेक्टर्स वापरून एकेक अक्षर तपासत बसा. एक्सेल फाइली हाताळणाऱ्या पायथनच्या ओपनपायएक्सेलमध्ये ३.१ पासून फाइल उघडताना रिच-टेक्स्ट ट्रू द्यावं लागतं. ते न देता फाइल उघडून सेव्ह केली की सेलच्या आतलं फॉरमॅटिंग गेलं. ते कुणी आधी सांगत नाही, याचा मला खरा राग आहे.

मास्तर:
काटेवरून इतकं भांडताय, तर वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्टीबद्दलही, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाबद्दलही, बोला. गेल्या हंगामात आमच्या पट्टीवर दर खोडून वर दुसरा लिहिलेला. विचारलं तर म्हणे «माल डागी होता». पेट्या मी स्वतः भरल्या होत्या.

सड्यावरचा:
मास्तर, म्हणून सांगतो, वाशीला पाठवूच नका. थेट गिऱ्हाईक धरा.

मास्तर:
कायच्या काय सांगतस? शेकड्यांनी पेट्या एकदम उतरतात तेव्हा घरोघर कोण पोचवणार? कुरिअरचा खर्च, फुटलेला माल, फोनवर घासाघीस, हे कोण निस्तरणार? तुझी बाग लहान आहे.

सड्यावरचा:
बाग काढू नका. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरला. तरी बाहेरचा आंबा आपल्या नावाच्या पेटीत विकला जातो आणि आपण तोच बाजार पोसतो. नाव आपलं, दर त्यांचा!

मास्तर:
मानांकनाचा कागद दाखवून काय करू? कर्जाचा हप्ता पट्टीवर फिटतो. तुझ्यासारख्यांनी शिकवू नये.

खाडीपलीकडे:
दोघांचं दुखणं खरं आहे, पण आवाज खाली घ्या. आणि मास्तर, त्या पट्टीवर खोडलेला जुना दर वाचता आला म्हणूनच तुम्हाला लबाडी कळली ना? कोरी पट्टी आली असती तर?

मास्तर:
ते खरं.

सड्यावरचा:
बरं. काटेत माहिती असते, एवढं मानतो. पण ती तिथेच राहू देणं मला पटत नाही. स्क्रिप्टने काट वाचून «बाकी» नावाच्या कॉलममध्ये साधा मजकूर लिहावा, आणि बाहेर कुणालाही तोच कॉलम द्यावा. सासऱ्यांनी वही लिहावी तशी शीट लिहावी, माझं काही म्हणणं नाही.

हापूसवाली:
आम्ही तेच करतो. फक्त तो कॉलम कस्टम फंक्शनने (सेलमध्ये सूत्रासारखं लिहायच्या आपल्या फंक्शनने) भरू नका. फंक्शनला सेलचा नुसता मजकूर मिळतो, आणि काट मारल्याने मजकूर बदलत नाही, म्हणून ते पुन्हा चालतही नाही. ऑन-एडिट हा ट्रिगरही (स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) मजकूर बदलला तरच धावतो. इन्स्टॉल केलेला ऑन-चेंज ट्रिगर लावा आणि त्यात चेंज-टाइप «फॉरमॅट» आहे का बघा. आणि सेल एकेक वाचू नका, गेट-रिच-टेक्स्ट-व्हॅल्यूज एकदाच मागवा, नाहीतर ६ मिनिटांच्या मर्यादेत स्क्रिप्ट अर्ध्यात थांबेल.

सड्यावरचा:
ट्रिगरचं ठाऊक नव्हतं. आज लावून बघतो. रंगाबद्दल मात्र माझं मत तेच आहे: लाल म्हणजे बाकी की लाल म्हणजे तातडी, हे घरागणिक बदलतं. त्याला कॉलमच हवा.

हापूसवाली:
रंगापुरतं चालेल. काटेला हात लावायचा नाही.