मुलीचा गुडघा: लहान मुलांना व्यायाम शिकवणारा फिजिओ सुचवा (सोलापूर)

जुळे_सोलापूरची_आई:
लेक नऊ वर्षांची. दीड वर्षापूर्वी लहान मुलांचा संधिवात (जेआयए) निघाला. औषधं चालू आहेत, सूज उतरलीय, पण पोरगी हलायलाच तयार नाही. सकाळी गुडघा आखडतो, खेळाच्या तासाला बाकावर बसून राहते. डॉक्टर म्हणतात व्यायाम सुरू करा. एका ठिकाणी नेलं, तर दहा मिनिटं शेक, मशीन, पैसे, झालं. सासूबाई म्हणतात, "पोरीला कशाला छळता, पडू दे की." कुणी चांगलं माहीत आहे का? की पुणंच गाठावं लागेल?

रेल्वेलाईन_बाबा:
ताई, आमचा मुलगा यातूनच गेलाय. फिजिओचं नाव व्यनि (खासगी निरोप) करतो. पण कुणाकडेही जा, नुसती मशीन लावणारा नको. पोरीला चालायला, उकिडवं बसायला, जिना चढायला लावून बघतो का, घरी करायचं शिकवतो का, ते बघा.

आणि एक विचारतो, झोपताना गुडघ्याखाली काही ठेवता का?

जुळे_सोलापूरची_आई:
हो, सासूबाई चादरीची घडी ठेवतात. तिला बरं वाटतं.

रेल्वेलाईन_बाबा:
ती आजच काढा. आमच्याकडेही तेच होतं. बरं वाटतं खरं, पण रात्रभर वाकलेला गुडघा हळूहळू वाकडाच राहायला लागतो. आम्हाला उलटं शिकवलं: टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनानं सरळ होतो. मग तीच गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायची. मांडीत ताकद येते. टॉवेलला आपल्या गावात काय तोटा!

सकाळी आधी गरम पाण्याची आंघोळ, मग व्यायाम. पाणी येण्याच्या दिवसाची वाट बघायची नाही, एक बादली राखून ठेवायची.

आमची मोठी चूक सांगतो. बरं वाटलं त्या दिवशी पार्क मैदानावर दोन तास हुंदडू दिला, पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग फिजिओनं आकडा बांधून दिला. दहा मिनिटं म्हणजे दहाच, चांगल्या दिवशीही आणि कंटाळलेल्या दिवशीही. आठवड्यानं दोन मिनिटं वाढवायची. "दुखतंय का?" विचारणं बंद केलं, "आज किती झालं?" विचारायला लागलो. सहा महिन्यांत सायकलवर आला.

अक्का_साखरपेठ:
रोज तीळतेल चोळा, व्यायामाची गरजच नाही.

रेल्वेलाईन_बाबा:
अक्का, तेल लावू देत, पोरीला बरं वाटेल. पण तेलानं स्नायूत ताकद येत नाही.

होटगीरोड_फिजिओ:
दादांनी सांगितलेले व्यायाम बरोबर आहेत, पण एकदा समोर बसून शिकून घ्या, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. सांधा पुन्हा सुजला, गरम लागला, ताप आला किंवा दुखण्यानं रात्री जाग आली, तर आकडा बाजूला ठेवून आधी डॉक्टर. तेव्हाही पूर्ण पडून राहायचं नाही, हळुवार वाकवणं-सरळ करणं चालू ठेवायचं. पोहणं उत्तम, सांध्यावर वजन येत नाही. उन्हाळ्यात मात्र दुपारी बाहेर नको.

आणि डोळे तपासता ना? या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते, मुलाला कळतही नाही.

रेल्वेलाईन_बाबा:
पुण्याला लहान मुलांचे संधिवाततज्ज्ञ आहेत. आम्ही काही महिन्यांनी हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येतो. गाडीत तासातासानं डब्यात फेरी मारायला लावा, नाहीतर पुण्याला उतरताना गुडघा पुन्हा आखडलेला.

जुळे_सोलापूरची_आई:
डोळ्यांचं कुणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारते. व्यनि मिळाला दादा, मंगळवारी जातोय. चादरीचं सासूबाईंना कोण सांगणार, हा धागाच वाचून दाखवते.