मदत हवी आहे: पाइपच्या उघड्या तोंडाला धडकायला काहीच नाही, मग आवाज परत कसा फिरतो?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. मी पीयूसी फर्स्ट इयर (अकरावी) सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता सगळं इंग्लिशमध्ये, त्यामुळे वर्गात विचारायचं राहूनच जातं.

दोरी भिंतीला बांधून झटका दिला की लाट उलटी होऊन परत येते, हे पटतं. विहिरीत हाक मारली की पाण्यावरून आवाज परततो, तेही पटतं. पण पाइपच्या उघड्या तोंडाशी नुसती हवाच आहे. हवेतून हवेत जाताना आवाजानं मागं का फिरावं? पुस्तकात ‘ओपन एंडला अँटिनोड’, म्हणजे तिथं हवा सर्वात जास्त हालते, एवढंच लिहिलंय.

लॅबमध्ये पाण्यातली रेझोनन्स ट्यूब केली: तोंडाशी फोर्क धरायचा, पाणी खाली सोडत नळीतल्या हवेची लांबी वाढवायची आणि आवाज कुठं मोठा होतो ते बघायचं. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, नळीचा आतला व्यास ३ सेंमी. पहिला मोठा आवाज १६ सेंमीला आला, दुसरा ४९.८ ला. दुसरा पहिल्याच्या तिप्पट, म्हणजे ४८ ला यायला पाहिजे ना? ‘व्यासाच्या ०.३ पट एंड करेक्शन घाला’, म्हणजे मोजलेल्या लांबीत तेवढं मिळवा, म्हणून सांगितलं. घातलं, उत्तर जुळलं, पण का घातलं ते कळलं नाही.

आणि एक तोंड बंद असेल तर १, ३, ५ असे विषमच हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर). मग सनई तर ओठात बंद, बासरीला बूच. त्यांच्यातही विषमच का? कुणीतरी मराठीत सांगा की.

निपाणीचा मास्तर

आधी पुस्तकातली आकृती डोक्यातून काढ. ती नागमोडी रेघ म्हणजे हवेची वाट नव्हे, कुठली हवा किती हालते त्याचा आलेख आहे. हवा नळीच्याच दिशेनं पुढं-मागं सरकते. दरवर्षी निम्मा वर्ग इथं अडकतो, आणि दोष मी चित्र काढणाऱ्यालाच देतो.

आता दाबाचा एक ठोका नळीतून वर निघाला असं धर. नळीत आहे तोवर दाबलेल्या हवेला बाजूला पसरायला जागा नाही, पुढच्या थराला ढकलणं एवढंच तिच्या हातात. तोंडाशी आली की चहूकडून मोकळं. दाब झटकन बाहेरच्या हवेइतका उतरतो. पण तोंडाजवळची हवा वेगात असते, ती तिथंच थांबत नाही, हवी त्यापेक्षा जास्त बाहेर निघून जाते. मागं हवा विरळ पडते. ती जागा भरायला खालचा थर वर सरकतो, मग त्याच्या खाली विरळ, मग त्याच्याही खाली... हीच परत निघालेली लाट. दाब होऊन गेली, विरळ होऊन आली. थोडा आवाज बाहेर निसटतो, तोच आपल्याला ऐकू येतो.

एंड करेक्शन यातूनच येतं. काठ ओलांडल्याबरोबर हवा लगेच पांगत नाही, थोडं अंतर ती एकजुटीनंच हालते. त्यामुळे लाट काठाच्या जरा पुढून वळते. तुझेच आकडे घे. दोन्ही लांब्यांत ०.९ मिळव: १६.९ आणि ५०.७. बरोबर तिप्पट! व्यासाच्या ०.३ पटही ०.९ च. नुसती वजाबाकी केलीस तर ही भानगडच गळते: ३३.८ सेंमी म्हणजे अर्धी तरंगलांबी, त्यावरून ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. रीडिंग झकास आलंय.

विषमचं कारण: बंद तळाशी दाब दाबच राहून परततो, उघड्या तोंडाशी उलटतो. म्हणजे एका पूर्ण फेरीनंतर ठोका उलटा, दोन फेऱ्यांनंतर सुलटा. आवर्तन पुरं व्हायला नळीची लांबी चार वेळा कापावी लागते. दुप्पट वारंवारतेला परतलेली लाट नेमकी उलटी पोचून नव्या लाटेला मारते, तिप्पटला जुळते.

बासरीला बूच असलं तरी फुंकायचं भोक उघडंच असतं. ती दोन्हीकडून उघडी धर.

वाजंत्री

मास्तर, सनईत बोटं तीच ठेवून जरा दाबून फुंकलं की वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा सा मात्र एकदम वरच्या पंचमावर उडी मारतोय. पत्ती दोघांनाही हाय की ओ!

निपाणीचा मास्तर

वरचा पंचम म्हणजे तिप्पट, क्लॅरिनेटनं विषमचा नियम पाळला. तिची नळी बरीचशी एकाच जाडीची. सनई पत्तीपाशी बारीक आणि खाली रुंद होत जाते, म्हणजे शंकू. शंकूत लाट निमुळत्या टोकाकडं जाताना आकसते आणि दाब वाढत जातो. गणित मांडलं तर टोक बंद असलेला शंकू तेवढ्याच लांबीच्या, दोन्हीकडून उघड्या सरळ नळीसारखा वागतो. १, २, ३, ४ सगळे हार्मोनिक्स येतात. खऱ्या सनईचं टोक छाटलेलं असतं, पण पत्तीतली पोकळी ती उणीव बऱ्यापैकी भरून काढते.

मलप्रभाकाठ

सर, काका, थँक्स! परीक्षेत सनई आली तर हेच लिहू?

निपाणीचा मास्तर

शंकू सिलॅबसमध्ये नाही, पेपरात सरळ नळीच येणार. लॅबमधली नळी मीटरभर असेल तर पाणी आणखी खाली सोड आणि तिसरा आवाज ८३.६ सेंमीच्या आसपास शोध.