सी ड्राइव्हमधले ८१ जीबी गेले कुठे? (सल्ला हवाय, खरेदी नकोय)

रिकामटेकडी (सोमवार, रात्री १०:१२)

मंडळी, महिनाभर लॅपटॉपचा सी ड्राइव्ह लाल पट्टी दाखवतोय. २५६ जीबीची एसएसडी डिस्क, १६ जीबी रॅम, विंडोज ११. 'धिस पीसी'त २३७ पैकी २२९ भरलेले दिसतात, शिल्लक ८. पण सी उघडून कंट्रोल-ए मारलं आणि प्रॉपर्टीज बघितल्या, तर बेरीज १४८ वर थांबते. मधले ८१ जीबी कुठेतरी आहेत आणि मला दिसत नाहीत. रिसायकल बिन रिकामी आहे, तीनदा बघितली.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. स्कॅन, पीडीएफ भरपूर असतात, पण ते त्या १४८ मध्ये आलेच. त्यांचा प्रश्न नाही.

अटी: खर्च शून्य. फॉरमॅट नाही. लॅपटॉप उघडायचा नाही. जागा कोण खातंय ते कसं बघायचं, एवढंच सांगा. काय पुसायचं ते माझं मी ठरवीन.

झकासराव (१०:१९)

१ टीबीची एनव्हीएमई डिस्क टाका, विषय संपवा. मी टाकली, जुनी डिस्क क्लोन केली, चहा संपायच्या आत लॅपटॉप चालू. आता जागेकडे बघतसुद्धा नाही.

रिकामटेकडी (१०:२१)

झकासराव, शून्य लिहिलंय वर.

झकासराव (१०:२२)

वाचलं की. पण हा खर्च एकदाच होतो.

मी_बापडा (१०:३०)

झकासरावांना अनुमोदन. मीही १ टीबीच घेतली होती. तीही भरली.

अर्धवटराव (१०:४१)

माझा प्रश्न आधी. २५६ ची डिस्क आणि दिसतात २३७? १९ जीबी तर खोक्यातच गेले! ८१ शोधण्याआधी हे १९ कोणाच्या खिशात गेले ते बघा. उघड उघड फसवणूक आहे ही.

चौकस (१०:५५)

फसवणूक नाही हो. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि पाटी मात्र 'जीबी'चीच लावतं. २५६ अब्ज बाइटना १०२४ ने तीनदा भागा, २३८ येतात. राहिलेला एक जीबी बूट आणि रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनांत, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यांत, गेला. मॅकने २००९ पासून हजाराचीच मोजणी धरली, म्हणून तिकडे ही ओरड नाही.

अर्धवटराव (१०:५८)

म्हणजे पाटी चुकीची आहे हे तुम्हीही मान्य करताय. धन्यवाद.

बोरूबहाद्दर (११:०४)

ताई, विंडोज फोल्डरमध्ये 'विनएसएक्सएस' नावाचं, विंडोजचे सुटे भाग साठवणारं एक धूड असतं. बघा किती जीबीचं दिसतंय. मी एकदा जुन्या मशिनवर मालकी स्वतःकडे घेऊन त्यातलं निम्मं पुसलं होतं. ९ जीबी सुटले.

चौकस (११:०६)

आणि मशिन?

बोरूबहाद्दर (११:०९)

मशिन दुसऱ्या दिवशी उठलं नाही. पण ९ जीबी सुटले हे खरं आहे.

चौकस (११:१५)

ताई, त्या फोल्डरला हात लावू नका. तिथल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक असतात. म्हणजे फाइल डिस्कवर एकच, नावं दोन ठिकाणी. एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो, त्यामुळे फोल्डर आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. खरा आकार बघायचा तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिसम' या विंडोजच्याच साधनाची ॲनलाइझ-कॉम्पोनंट-स्टोअर ही आज्ञा आहे. साफसफाईसुद्धा डिसमलाच करू द्या. 'विंडोज'च्या आतल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरचंही तेच. ते पुसलं तर पुढे काही प्रोग्रॅम ना काढता येतात ना अपडेट होतात.

पेंग्विनवाला (११:२०)

लिनक्स टाका. शून्य रुपये. अटीत बसतं.

रिकामटेकडी (११:२२)

'फॉरमॅट नाही' पण लिहिलंय.

पेंग्विनवाला (११:३१)

बरं. पण हा घोळ आमच्याकडेही होतो, म्हणून सांगतो. 'डीएफ' (अख्ख्या डिस्कचा हिशेब देणारी आज्ञा) म्हणतं डिस्क भरली, 'डीयू' (फायलींची बेरीज करणारी) म्हणतं निम्मी रिकामी. माझ्या सर्व्हरवर ६० जीबीचा फरक पडला होता. अर्धा दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, मी एक लॉग फाइल पुसली होती पण लिहिणारा प्रोग्रॅम ती उघडी धरून बसला होता. नाव गेलं, जागा सुटली नाही. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला, जागा परत. शिवाय ईएक्सटी४ वर (लिनक्सची डिस्क मांडायची नेहमीची पद्धत) सहसा ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य ॲडमिनसाठी, राखीव असते, तीही लोक विसरतात. बघायला 'एनसीडीयू' वापरतो, त्याच्याइतकं सुटसुटीत विंडोजवर काही नाही.

चौकस (११:४८)

आहे. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

ताई, कंट्रोल-ए वर विसंबू नका. एक्सप्लोरर फक्त जे दिसतंय तेच निवडतो आणि तुमच्या खात्याला जे वाचायची परवानगी आहे तेवढंच मोजतो. सी ड्राइव्हच्या पहिल्या पायरीवरच बरंच काही लपवलेलं असतं: पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची जागा), हायबरफिल (हायबरनेट करताना रॅममधलं यात उतरतं), प्रोग्रॅमडेटा, सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन. हे तुमच्या १४८ मध्ये आलेलंच नाही.

'विझट्री' उतरवा, कोण किती जागा खातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम आहे. घरगुती वापराला फुकट आहे. आयकॉनवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणा, हे महत्त्वाचं. तसं चालवलं की ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही, एनटीएफएसची मास्टर फाइल टेबल, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरची सगळ्या फायलींची नोंदवही, थेट वाचतं. लाखो फायली असल्या तरी काही सेकंदांत यादी समोर येते. 'विनडिरस्टॅट' आणि 'ट्रीसाइझ फ्री' हेही चांगले आहेत, पण तेही ॲडमिन म्हणूनच चालवा.

मी_बापडा (११:५२)

विझट्री वापरा. फुकट आहे.

झकासराव (११:५५)

एखादं क्लीनर घ्या ना, एका बटणात काम. माझ्याकडे सशुल्क आहे, दर आठवड्याला ३ जीबी साफ करतं.

बोरूबहाद्दर (मंगळवार, सकाळी ७:४०)

दर आठवड्याला तेच ३ जीबी. ब्राउझरची कॅश पुसतं, ब्राउझर ती परत भरतो. मी असंच एक फुकटातलं टाकलं होतं. त्याने स्वतःबरोबर आणखी दोन प्रोग्रॅम आणले आणि जागा कमी झाली.

निवांत_निळू (सकाळी ९:०५)

अवांतर आहे, पण राहवत नाही. विझट्री किंवा विनडिरस्टॅटमध्ये जे रंगीत चौकोनांचं गोधडीसारखं चित्र दिसतं ना, त्याला ट्रीमॅप म्हणतात. आणि ते जन्मालाच याच दुखण्यातून आलंय! १९९० च्या सुमारास मेरिलंड विद्यापीठात बेन श्नाइडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक डिस्क होती. १४ जण ती वापरायचे आणि ती सारखी भरायची. कोणी किती जागा अडवलीय हे एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी चौकोनात चौकोन बसवायची ही युक्ती काढली. जेवढी फाइल मोठी, तेवढा चौकोन मोठा.

अर्धवटराव (९:२०)

ताईंनी इतिहास विचारला नव्हता.

निवांत_निळू (९:२६)

मान्य. पण तिथे १४ जण होते म्हणून गुंता झाला. ताईंचा लॅपटॉप किती जण वापरतात? दुसरं खातं असेल तर त्याचं फोल्डर ताईंच्या खात्यातून मोजलंच जात नाही. रिसायकल बिनसुद्धा प्रत्येक खात्याची वेगळी असते.

रिकामटेकडी (दुपारी १:१०)

निळू, तुमचं अवांतर थेट मुद्द्यावर पोचलं!

विझट्री ॲडमिन म्हणून चालवलं. चार-पाच सेकंदांत गोधडी आली. उजवीकडच्या कोपऱ्यात एकाच रंगाचे इतके बारीक चौकोन, की दाणे सांडल्यासारखे दिसत होते. क्लिक केलं तर 'युजर्स'मध्ये माझ्या भाच्याच्या नावाचं फोल्डर. तो मागे चार महिने राहायला होता, तेव्हा मीच त्याला खातं करून दिलं होतं, साफ विसरले. त्याच्या 'ॲपडेटा'त 'मोबाइलसिंक', त्यात 'बॅकअप', आणि त्यात शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत दोन-दोन अक्षरी २५६ फोल्डर. त्यातल्या फायलींना धड नाव नाही, नुसती आकडे-अक्षरांची लांबलचक माळ. तो आयफोनचा बॅकअप आहे म्हणे.

हिशेब असा:
भाचा ४४
पेजफाइल १२
सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन १२
प्रोग्रॅमडेटा १०
हायबरफिल ६.४

बेरीज ८४.४. हरवले ८१ होते, सापडले ८४. आता हे वरचे कुठून आले?

चौकस (१:३०)

ते वर लिहिलेलं दोनदा मोजणं. तुमचा १४८ चा आकडाच थोडा फुगलेला होता.

हायबरफिल ६.४ म्हणजे १६ जीबी रॅमच्या बरोबर ४० टक्के, नेहमीचाच आकार. हायबरनेट वापरत नसाल तर ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ' (टाइप अर्थात इंग्रजीत करा). फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर बंद होईल. पेजफाइल राहू द्या. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये मुख्यतः रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत न्यायच्या खुणा) असतात, तेही राहू द्या, अडीनडीला उपयोगी पडतात. बॅकअप उडवा. एका फटक्यात ४४.

मी_बापडा (१:३४)

बॅकअप उडवा.

बोरूबहाद्दर (१:३६)

बॅकअप उडवाच. भाच्याकडे फोन आहे ना, मग कशाला हवा?

झकासराव (१:४०)

१ टीबी असती तर बॅकअप उडवावा लागला नसता.

पेंग्विनवाला (१:५२)

अख्खं खातंच काढा सेटिंग्जमधून, डेटासकट जातं. रच्याकने, अपडेटनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' (आधीच्या विंडोजची प्रत) राहिलंय का बघा. ते सहसा १० दिवसांनी आपोआप जातं, पण कधी कधी चिकटून बसतं.

चौकस (२:०५)

'डेटासकट' हे दोनदा वाचा. ती पाटी आली की परतीची वाट नाही.

रिकामटेकडी (बुधवार, रात्री ९:१५)

भाच्याला फोन केला. तो फोन कधीच बदललाय, या बॅकअपमधलं काय काय नव्यात आलं ते त्याला आठवत नाही. "मावशी, असू दे ना तिथेच" म्हणाला. असू दे. ज्याचं आहे त्याला माहीत नाही तोवर मी पुसणार नाही.

हायबरनेटही बंद करत नाहीये. मी रात्री अकरा फायली उघड्या ठेवून झाकण लावते आणि सकाळी त्याच ओळीवर परत येते. ६.४ जीबीत हे सुख मला परवडतं.

रिस्टोअर पॉइंटची मर्यादा मात्र खाली ओढली. सिस्टम प्रोटेक्शन, कॉन्फिगर, तिथली पट्टी. १२ चे ४ केले. चौकस, रागावू नका.

आणि लाजत सांगते, माझ्याच फोल्डरात एक मोठा चौकोन होता. एका जुन्या कोशाची २१४ पानं, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ चित्रफायली. एकेक पान १०० एमबीचं, मिळून २१ जीबी. त्याची पीडीएफ कधीच होऊन काम पोचलंय, कोश कपाटात आहे. पुसलं. आता ३७ जीबी मोकळे.

अर्धवटराव (९:३१)

म्हणजे ज्या ८१ साठी धागा काढला त्यातले ७३ जागच्या जागी, आणि "त्यांचा प्रश्न नाही" म्हणालात तिथे २१ निघाले.

चौकस (९:३८)

रागावलो नाही, पण ४ जीबीत फार तर एखाद-दोन पॉइंट टिकतील. पुढचं मोठं अपडेट येण्याआधी एक पॉइंट स्वतः करून ठेवा.

अर्धवटराव (९:४४)

आणि कोशाला ६०० डीपीआय रंगीत कशाला? ३०० पुरतं.

रिकामटेकडी (९:५०)

बारीक टाइपातले अनुस्वार आणि रफार ३०० ला पुसट येतात. डाग आहे की अनुस्वार, तेच कळत नाही. पूर्वी करून बघितलंय.

अर्धवटराव (९:५३)

मग ६०० ठेवा, पण ग्रेस्केल करा. काळ्या शाईला रंग काय करायचाय? फाइल तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

रिकामटेकडी (९:५५)

अरेच्चा. हे कोणी सांगितलंच नव्हतं. नवीन पुस्तक उद्याच येतंय, त्यालाच करून बघते.