रिजवेवर निळा बाण महत्त्वाचा
दक्षिण इंग्लंडमधील एव्हबरी गावाजवळून निघणारी १३९ किलोमीटरची 'रिजवे' ही लांब पल्ल्याची वाट ग्रॅव्हल बाइकवर (खडबडीत वाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकलवर) सलग पूर्ण करण्याचा बेत कुणी आखत असेल, तर त्यात एक दुरुस्ती सुचवतो. टेम्स नदीकाठच्या गोरिंग गावापर्यंतचा पश्चिम भाग सायकलींना खुला असला, तरी पुढचे अनेक टप्पे केवळ पादचाऱ्यांसाठी आहेत. म्हणून फाट्यावरच्या खांबावर पिवळा बाण, म्हणजे फक्त पादचाऱ्यांच्या वाटेची खूण, दिसल्यास वाट बदलावी. निळा बाण घोडवाटेचा (घोडेस्वारांसाठीच्या वाटेचा) असतो आणि तिथल्या १९६८च्या कायद्याने तिथे सायकलस्वारांना हक्क दिला आहे, अर्थात घोडेस्वार व पादचाऱ्यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. चढ सौम्य आहेत, पण पावसानंतर खडूच्या दगडाचा पांढरा चिखल साबणासारखा निसरडा होतो आणि चाक व त्याला धरणारा फोर्क (पुढचा दुहेरी दांडा) यांच्यामध्ये घट्ट थापला जातो. त्यामुळे कोरडे दिवस निवडावेत. अफिंग्टनच्या टेकडीच्या उतारावर खडूत साकारलेला सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा पांढऱ्या घोड्याचा भव्य आकार वाटेलगतच आहे, तिथे जरूर थांबावे.