रि: ब्लॅक मुलांसाठी वेगळा कोर्स कशाला?

ताई, परवा पॉटलकला तुम्ही डीपॉलच्या नैराश्य टाळायच्या कोर्सबद्दल सांगत होतात, ते अर्धवटच राहिलं. नैराश्य सगळ्यांचं सारखंच ना, मग ब्लॅक मुलांना वेगळं काय शिकवायचं? खोचकपणे नाही विचारत.
– ट्रेंटनहून

---

अरे, खोचक असलं तरी चालेल, मलाही आधी हेच वाटलेलं. शिकागोत डीपॉल युनिव्हर्सिटीच्या लावोम रॉबिन्सन बाईंनी 'कोपिंग विथ स्ट्रेस' नावाचा जुना कोर्स घेऊन तो नववीतल्या ब्लॅक मुलांसाठी बदलला, 15 सेशन्स, तेही शाळेतच. बदलला म्हणजे पत्रकावरचे फोटो बदलले असं नाही हं. इथल्या पोराला घरी जाताना कुठली गल्ली टाळायची याचं टेन्शन, दुकानात शिरलं की गार्ड मागे मागे. त्याला 'तुझा विचार बदल, बरं वाटेल' म्हटलंस तर तो हसेल, कारण त्याचा विचार चुकलेलाच नाहीये!

माझ्याकडे एक जण यायचा, दर सोमवारी पोट दुखतं म्हणून. हुडी डोक्यावर, 'आयम गुड, मिस', रडणं वगैरे काही नाही, नुसता चिडका. असल्या पोरांना शिक्षा होते, काउन्सेलरकडे कोणी पाठवत नाही. मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का (विचारल्याने डोक्यात भरतं हा निव्वळ गैरसमज). बराच वेळ हुडीची नाडी ओढत बसला, मग म्हणाला, आजीला नका सांगू, ती अख्ख्या चर्चला प्रार्थनेला बसवेल. त्याला समजावून, त्याच्यासमोरच आजीला फोन केला. आणि खरं सांगू, पुढे त्याला अपॉइंटमेंटला धरून नेणारी तीच. म्हणून तर लोक चर्चमधून, न्हाव्याच्या दुकानातून काम करतात, कन्फेस प्रोजेक्ट नावाच्या संस्थेवाले तर न्हाव्यांनाच गिऱ्हाइकांशी मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं ट्रेनिंग देतात.

'ब्लॅक लोकांत आत्महत्या होत नाहीत' हे तर कित्येक वर्षं चाललेलं. 2018 साली अभ्यास आला की 5 ते 12 वयात ब्लॅक मुलांचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे, तेव्हा कुठे जाग आली. 2019 ला अमेरिकन काँग्रेसमधल्या ब्लॅक कॉकसने, म्हणजे ब्लॅक खासदारांच्या गटाने, यावर टास्कफोर्स नेमला, त्याच्या अध्यक्ष तुमच्याच ट्रेंटनच्या बॉनी वॉटसन कोलमन!

---

हे माहीतच नव्हतं, मत त्यांनाच दिलेलं :) मेलखाली 988, जीव द्यावासा वाटला तर मदतीचा तो हेल्पलाइन नंबर, टाकू ना?

---

टाक की. कॉल कर नाहीतर टेक्स्ट, दोन्ही चालतं. फक्त इथल्या आया पहिलं विचारतात, पोलीस येतील का? बहुतेक कॉल फोनवरच निभावतात, हेही नंबरच्या शेजारीच लिही.